आक्का, तुमची पानं निघाली

आक्का, तुमचा लॅपटॉप मी उघडला. आधीच सांगून टाकते. उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "पाह्य, माही पाठ वळली अन् लागली हात घालाले." त्यावर टाकलेला टॉवेलही मी जसा होता तसाच परत घातला आहे, एक कोपरा आत दुमडून. कोपरा बाहेर दिसला की कुणीतरी हात लावला, हे तुम्ही ओळखायचात. आता ओळखणारं कुणी नाही, तरी माझ्या हातानं घडी तशीच पडली.

तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसं पुष्कळ आली होती. सगळे चांगलंच बोलले. एक पाहुणे तर म्हणाले, "आक्कांनी आयुष्यात कुणाबद्दल मनात शंका म्हणून ठेवली नाही." तेव्हा मला तुमच्या फोटोकडे बघायची हिंमत झाली नाही. तसं ते खरंच होतं म्हणा. शंका तुम्ही मनात कधी ठेवलीच नाही, लगेच तोंडावर बोलून दाखवली.

तुम्ही जन्मभर आरोग्य केंद्रात सिस्टर. भाऊजी गेल्यावर बरीच वर्षं एकट्या राहिलात आणि रिटायर झाल्यावर पिंपळगावला, तुमच्या बाबांच्या या घरात परत आलात. मोठी नणंद कायमची राहायला येते म्हटल्यावर माझ्या माहेरून फोन आले, "सुजाता, जपून राहा वं." मी जपूनच राहिले आणि तुम्हीही. तुम्ही दुधाची पिशवी उजेडाकडे धरून बघायचात, मेडिकलवाल्यासमोर गोळ्यांवरची तारीख मोठ्यानं वाचायचात, वांगी देठ मोडल्याशिवाय घ्यायचा नाहीत. साखरेचा डबा फडताळात दोन बोटं सरकला तरी विचारायचात, "कोन आलतं?" पहिलं वर्षभर मला वाटायचं, या घरात मी सून म्हणून राहते आहे की संशयित म्हणून.

आणि मग तो प्रिंटर.

प्रिंटर माझ्या शिकवणीसाठी घेतलेला. पोरांच्या स्वाध्यायाची पानं काढायला समोरच्या खोलीत, जुन्या शिलाई मशीनवर ठेवलेला. वायफायचा असल्यामुळे घरातल्या कुठल्याही फोनवरून, कॉम्प्युटरवरून चालायचा. तुम्हाला तो वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, उपयोगी पडायला लागला. विहारात दर रविवारी बायांचं ग्रंथवाचन. कुणाचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, कुणाला बारीक अक्षर दिसायचं नाही, चष्मा तर दोघींत मिळून एकच. तुम्ही रिटायर झाल्यावर टायपिंग शिकलात, दोन बोटांनी. पुढच्या रविवारचा भाग आठवडाभर मोठ्या अक्षरात टाइप करायचात आणि प्रत्येकीसाठी एक प्रत काढायचात. मागच्या खोलीतून तुम्ही बटण दाबलं की समोरच्या खोलीत पान यायचं. मग तुम्ही चप्पल न घालता लगबगीनं यायचात. तुमचं पान माझ्या पोरांच्या पानांत मिसळू नये म्हणून.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी वीज कडाडली आणि राउटर जळला. तुमच्या भावानं नवा आणला, त्यांनीच बसवला. त्या दिवसापासून तुमच्या लॅपटॉपवर एकच शब्द यायला लागला. ऑफलाइन.

"सुजाता, प्रिंटर काऊन बंद केला वं तूनं?"

"बंद नाही आक्का. पाहा ना, दिवा लागलेला आहे."

"मंग तुह्या फोनवरून पान येते अन् माह्यावरून येत नाई, असं कसं? घर एकच, प्रिंटर एकच."

मी तुमच्यासमोर फोनवरून एक पान काढून दाखवलं. लगेच आलं. मी ते काढून दाखवायला नको होतं, तुमचा संशय तिथेच पक्का झाला.

मग आपण दोघींनी त्या प्रिंटरपायी काय काय केलं! बंद करून चालू केला. राउटर बंद करून चालू केला. रांगेत अडकलेली पानं रद्द केली. लॅपटॉपमधून प्रिंटरचं नाव पुसून टाकलं आणि नव्यानं शोधायला लावलं. माझ्या कॉम्प्युटरला तो चटकन सापडायचा, तुमच्या लॅपटॉपवर नुसतं चक्र फिरत राहायचं. मग मी वायर आणली. वायर लावताच तुमचं पान खर्रकन बाहेर आलं.

"म्हंजे पेशंट बरा हाये," तुम्ही म्हणालात. "प्रिंटरही बरा, लॅपटॉपही बरा. मधातच कोनीतरी अडवून राह्यलं." आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत.

मी म्हटलं, भिंती जाड आहेत, सिग्नल पोचत नसेल. तुम्ही लॅपटॉप उचलून राउटरच्या खाली फरशीवर मांडी घालून बसलात. तरी ऑफलाइन. तुम्ही तो मिटलात आणि म्हणालात, "हे भिंतीचं काम नाई. मानसाचं काम हाये."

मला किती राग आला होता तेव्हा! मी म्हटलं, वायर लावून काढत जा ना मग पानं. तर म्हणे, "मी काऊन वायर घिऊन तुह्या दारात उभी राहू?" मला वाटलं, हा नणंदेचा तोरा. त्या वाक्याचा अर्थ मला आता लागतो आहे, आणि लागला की हातातलं काम थांबतं.

तुमचे भाऊ त्या दिवसांत फक्त "पाहतो" म्हणायचे. एका दुपारी बसले खरे तुमच्या लॅपटॉपपाशी. इकडे तिकडे क्लिक केलं आणि म्हणाले, "आक्का, हे कंपनीच्या मानसालेच दाखवा लागते." त्यानंतर जेवायला बसलं की तुमचं सुरू व्हायचं.

"मिलिंद, तुह्या बायकोले माह्या पानाचं काय वावडं हाये रे?"

ते भाकरी मोडत राहायचे. "होईन आक्का. सेटिंगचं असते ते."

"सेटिंग आपोआप होते काय? कोनीतरी करते ना?"

"जेव ना तू."

आणि मी वाढता वाढता थांबायचे. मला वाटायचं, हे आता म्हणतील, सुजातानं काही केलं नाही. एकदा तरी म्हणतील. ते पाणी प्यायचे. तुम्ही मात्र त्यांच्याकडेच बघत असायचात, माझ्याकडे नाही. तेव्हा मला ते दिसलं नाही.

त्याच महिन्यात माझं पोट दुखायला लागलं. आपण दोघी तेव्हा कामापुरतंच बोलत होतो. सगळे म्हणाले, ॲसिडिटी. गोळी घेतली, पडून राहिले. तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात, मग न विचारता आत आलात. पोटावर उजव्या बाजूला खाली बोटं दाबलीत आणि झटकन सोडलीत. मी किंचाळले. "हे गॅसचं दुखनं नाई," म्हणालात. तुमचे भाऊ म्हणाले, उद्या पाहू. तुम्ही त्यांच्यावर असा आवाज चढवलात की शेजारचे गाडी घेऊन आले. खामगावला नेलं आणि त्याच दिवशी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उशीर केला असता तर फुटलंच असतं. शुद्धीवर आले तेव्हा तुम्ही सलाइनच्या बाटलीवरची तारीख वाचत होता.

आक्का, मी तुमचे कधी नीट आभार मानले नाहीत. घरी आल्यावर म्हणणार होते. पण पहिल्याच जेवणाला तुम्ही तुमच्या भावाला विचारलंत, "आता तर सुजाता दवाखान्यात होती. तरी माहं पान काऊन नाई निघालं रे?" आणि मी आभार गिळून टाकले. मला वाटलं, ही बाई ऑपरेशनच्या टाक्यांनाही सोडत नाही.

आता ते वाक्य पुन्हा पुन्हा कानात येतं. मी घरात नव्हते, तरी पान निघालं नाही. म्हणजे ती सुजाता नव्हे. तुम्ही सांगत होता. फक्त मला नाही, त्यांना.

नंतर तुम्ही पेन ड्राइव्ह आणून देऊ लागलात. "तूच काढून दे." मी काढून द्यायचे. तुम्ही पानं हातात घेऊन एकेक करून चाळायचात, तेव्हा वाटायचं, मी एखादं ठेवून घेतलं का हे बघताय. परीक्षा घेताय माझी. कदाचित तुम्ही नुसतं शाई नीट आली का तेच बघत असाल. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. आपल्या दोघींचं असंच चालायचं.

आणि मग ती सकाळ. तुमचा चहा निवत होता म्हणून हाक मारायला आले. तुम्ही खुर्चीत होता, चष्मा डोळ्यांवर. त्याबद्दल मी आणखी लिहिणार नाही.

वर्षावास अजून संपलेला नाही. कार्यक्रमानंतर गयाबाई मला म्हणाल्या, "सुजाता, ऐतवारचं पान?" तुमच्या मैत्रिणींत त्या सगळ्यांत म्हाताऱ्या. तुमच्यासारखं टाइप करणारं कुणी नाही, पण तुम्ही पुढचं काही करून ठेवलं असेल, असं त्यांना वाटत होतं. म्हणून लॅपटॉप उघडला. पासवर्ड असणार, तो कसा शोधायचा, याच विचारात मी होते. पासवर्ड नव्हताच. ज्या बाईनं साखरेच्या डब्यावरसुद्धा नजर ठेवली, तिच्या लॅपटॉपला कुलूप नव्हतं.

पुढच्या रविवारचा भाग तयार होता. मी सवयीनं प्रिंटचं बटण दाबलं आणि अर्थातच, ऑफलाइन. वायर आणायला उठणार तेवढ्यात वाटलं, एकदा नेट तरी लागलं आहे का बघावं. खाली कोपऱ्यात क्लिक केलं. आपल्या घरातल्या वायफायची दोन नावं समोर आली. एक 'घर'. दुसरं 'पाहुणे'.

माझा फोन, माझा कॉम्प्युटर, प्रिंटर, सगळं 'घर'वर होतं. नवा राउटर आला तेव्हा तुमच्या भावानंच जोडून दिलेलं, मी ती यादी कधी उघडूनही पाहिली नव्हती. तुमचा लॅपटॉप 'पाहुणे'वर होता. आल्यागेल्याला इंटरनेट मिळावं, पण घरातलं बाकी काही त्याला दिसू नये, यासाठी राउटरवर अशी वेगळी सोय असते, हे मला त्या दिवशी कळलं. पाहुण्यांना आपला प्रिंटर दिसत नाही. कितीही बंद-चालू केला तरी दिसणार नाही.

मी 'घर' निवडलं, पासवर्ड घातला आणि थांबले.

समोरच्या खोलीतून आवाज आला. मी धावत गेले. पान आलं होतं. मग दुसरं आलं. मग तिसरं. मी एकदाच बटण दाबलं होतं, पण प्रिंटर थांबेना. आधी अडकून पडलेली तुमची पानं होती ती. माझ्या हाती पेन ड्राइव्ह द्यायला लागल्यानंतरची. तुम्ही तरीही दर आठवड्याला तुमच्या खोलीतून एकदा बटण दाबून बघत होता. प्रत पुरी काढत नव्हता, फक्त पहिलं पान. भावानं दार उघडलं का, एवढंच बघायला.

तुमचे भाऊ दारात उभे होते. मी त्यांना विचारलं, "हे 'पाहुणे' कुणी केलं?"

ते प्रिंटरपाशी आले, वरचं पान उचलून पाहिलं. मग म्हणाले, "अवं, आक्का कोनतीबी लिंक उघडून पाह्यची. गावातल्या त्या तुकारामचे खात्यातले पैसे एका लिंकनंच गेले, माहीत हाये ना तुले? माहे बँकेचे कामं याच वायफायवर. म्हनलं तिचा लॅपटॉप बाजूले ठेवावा."

"लिंक? आक्का? दुधाची पिशवी उजेडात धरून बघणारी बाई लिंक दाबेल?"

"मले काय माहीत."

"आणि सांगितलं का नाही?"

"तिले वाईट वाटलं असतं."

"मला बोलत होत्या तेव्हा तरी?"

"म्या म्हनलं, आक्का होईन चूप दोन दिवसांत."

आक्का, मी तुमच्या भावाबरोबर इतकी वर्षं संसार केला. वाईट माणूस नाही. पण त्या क्षणी मला वाटलं, याच्या हातचा चहाही मी उजेडात धरून बघावा.

मी पानं गोळा केली आणि तशीच गयाबाईंकडे गेले. त्या ओट्यावर तूर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या चकित होतील. त्यांनी सुपातला खडा उचलून बाहेर टाकला.

"तिले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"भावानं केलं म्हून. पयल्यांदी तुह्यावरच शक होता तिचा, खोटं काऊन बोलू. मंग त्यानं लॅपटॉप पाह्यला ना एक दिवस, तवा ते 'पाहुने' नाव समोर आलं अन् त्यानं लपवत लपवत बंद केलं, ते तिनं मागून पाह्यलं. मले येऊन सांगतलं. रडली नाई. म्हने, गया, बापाच्या घरात मी पाहुनी झाली."

"मग मला का बोलत राहिल्या?"

"तुले कुठी बोले? त्याच्यासमोर बोले. म्हने, पाहते हा किती दिवस बायकोले बोलनं खाऊ देते. आज तो सांगीन, उद्या सांगीन, म्हून वाट पाहे."

मी ओट्यावर बसले.

"मला सांगायचं ना मग," मी म्हटलं.

गयाबाई हसल्या. "म्या म्हनलं तिले, सुजाताले सांग. तर म्हने, नाई बाप्पा, तिच्या पोटात काई राहत नाई."

आक्का, याच्यावर आपलं भांडण व्हायला हवं होतं. चांगलं कडाकडा. तुमचं म्हणणं मला कळतं. मला सांगितलं असतं तर मी त्याच संध्याकाळी त्यांच्या अंगावर गेले असते, त्यांनी दोन मिनिटांत सेटिंग बदललं असतं आणि तुमची पानं निघाली असती. तुम्हाला नुसती पानं नको होती. भावानं आपणहून म्हणायला हवं होतं, आक्का, ये, घरात ये. ते मान्य. पण माझं काय? रोज ताटावर माझं नाव काढून तुम्ही त्यांची परीक्षा घेत राहिलात. मला आमिषासारखं गळाला लावलंत आणि मला सांगितलंही नाही. माझ्या पोटात दुखतं ते तुम्ही बोटांनी ओळखलंत, मग वाढता वाढता माझा हात का थांबायचा ते नाही का दिसलं? मी रागावले आहे तुमच्यावर. तुम्ही असता तर अबोला धरला असता. आता धरायला समोर माणूसच नाही.

तरी एक सांगते. तुम्ही वाट पाहिलीत हे मला आवडलं. माणसावर इतका अविश्वास असलेली बाई दर आठवड्याला एकदा बटण दाबून बघते, याला संशय म्हणत नाहीत. मला दुसरा शब्द सापडत नाही. तुम्ही असता तर टाइप करून दिला असता, मोठ्या अक्षरात.

रविवारी पानं घेऊन मी विहारात निघाले तर तुमचे भाऊ पांढरा शर्ट घालून तयार होते. तेही सोबत आले. बाया बसल्या होत्या, तुमची जागा कुणी घेतली नव्हती. वंदना झाली. मी पानं वाटायला उठले तर त्यांनी माझ्या हातातून घेतली. एकेकीला वाकून पान दिलं. शेवटचं दिलं आणि तिथेच उभे राहिले.

"आक्काचे पानं निघत नव्हते," ते म्हणाले. आवाज फाटत होता. "ते म्या बंद केलं होतं. सुजातानं नाई."

मग गयाबाई पानावरून नजर न काढता म्हणाल्या, "माहीत हाये रे बापू आमाले. बस. वाचू दे."

ते बसले. सगळ्या बायांना माहीत होतं, आक्का. तुम्हाला माहीत होतं, हे त्या सबंध खोलीत इतके दिवस कळलं नव्हतं ते फक्त आम्हा दोघांना, मला गयाबाईंनी सांगेपर्यंत आणि त्यांना त्या क्षणापर्यंत. गयाबाईंनी अक्षर अक्षर लावत वाचायला सुरुवात केली. तुमच्या भावानं डोकं गुडघ्यात घातलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला पाहिजे होता का, ते तुम्ही असता तर विचारलं असतं.

परत येताना कापसाच्या वावराजवळ त्यांनी मला विचारलं, "सुजाता, आक्कानं तुले माह्याबद्दल काही सांगतलं होतं काय? जाच्या आधी?"

तुम्ही मला काहीच सांगितलं नव्हतं. एक शब्दही नाही.

"हाव," मी होकार दिला.

"काय सांगतलं?"

समोरून बैलगाडी आली, आम्ही कडेला झालो. गाडी गेली. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मी चालायला लागले, आक्का, आणि पोटातलं पोटातच ठेवलं.